गोठ्यातला कॉम्प्युटर

दुसऱ्याचा कॉम्प्युटर उघडायला बसलं की मालक आपल्या खांद्यामागं येऊन उभा राहतो. आपण पहिला स्क्रू काढायच्या आत तो म्हणतो, "काल तर चांगला चालू व्हता." दुसरा स्क्रू निघेपर्यंत म्हणतो, "आमी काईच केलं न्हाई बरं का." आष्टीत बसस्टँडजवळच्या दुकानात मी काही वर्षं हेच काम केलं. ही दोन वाक्यं मी दवाखान्यात ऐकली, शाळेत ऐकली, पतसंस्थेत ऐकली. खत-बियाण्याच्या दुकानात तर बाप, मुलगा आणि हमाल अशा तिघांनी ती आळीपाळीनं ऐकवली होती. चहा मात्र सगळेच पाजायचे.

वडील शाळेत शिक्षक. बारावीनंतर त्यांनी मला नगरला मावशीकडे ठेवलं. टायपिंगच्या वर्गात जागा नव्हती म्हणून मावशीनं शेजारच्या हार्डवेअरच्या वर्गात नाव घातलं. तिथं मी एकटीच मुलगी. परत आले तेव्हा हाताला काम होतं, पण बसायला जागा नव्हती. बसस्टँडजवळ रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारे एक चाचा होते, वडिलांच्या उठण्याबसण्यातले. त्यांनी आपल्या दुकानात मधोमध एक फळी टाकली आणि म्हणाले, "ही बाजू तुझी, बेटा. माझ्याकडं आता म्हातारेच येतेत, ते बी रेडिओ घेऊन न्हाई, नुसते बसायला."

असं माझं अर्धं दुकान सुरू झालं. एका बाजूला चाचांची टाके मारायची कथलाची तार, जळक्या राळेचा वास, पोट उघडून ठेवलेले टीव्ही. दुसऱ्या बाजूला मी, स्क्रूड्रायव्हरचा संच, एक खोडरबर आणि सायकलला हवा भरायचा पंप. पंप बघून लोक हसायचे. पण आमच्याकडची धूळ उडवायला दुसरं काही उपयोगाचं नव्हतं. कुठल्याही डब्याचं झाकण काढा, आत बोटभर माती. मशीनच्या आत असणाऱ्या पंख्याला ज्वारीच्या पाचोळ्याचे तुकडे अडकलेले मी पाहिलेत.

मला सांगायचंय ते दुष्काळाच्या वर्षी झालं. पाऊस आदल्या वर्षीही धड झाला नव्हता आणि त्या वर्षी तर पाठ फिरवूनच गेला. ऊसतोडीला जाणारी माणसं नेहमीच्या आधी गेली. मागं राहिले ते म्हातारे, शाळेतली पोरं आणि दूध देणारी थोडी जनावरं. दुपारी आमच्या दुकानासमोरून टँकर जायचे आणि मागं रस्त्यावर पाण्याची एक ओली रेघ राहायची. चिमण्या त्या रेघेवर उतरायच्या. चाचा हातातलं काम थांबवून बघत बसायचे.

एका सकाळी कडा गावाच्या बाजूच्या एका खेड्यातून दूध संस्थेचे सेक्रेटरी आले. वय साठीच्या आसपास, डोक्याला टोपी, पायात टायरच्या वहाणा. दारातच उभे राहिले. चाचांना म्हणाले, "कॉम्प्युटरवाले कुठं गेलेत?"

चाचांनी फळीच्या पलीकडं हात केला.

त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग परत चाचांकडं. "न्हाई, दुरुस्त करणारे म्हणतो मी."

"तीच हाय," चाचा म्हणाले. "बसा."

ते बसले नाहीत. उभ्यानंच त्यांनी सांगितलं, की डेअरीतला कॉम्प्युटर सकाळपासून बोंबलतोय. बोंबलतोय म्हणजे काय ते मी विचारलं. त्यांनी तोंडानं तीन वेळा टूं-टूं-टूं केलं. ते इतकं हुबेहूब होतं की मला बिघाड तिथंच कळला आणि हसूही आलं. ते मी कसंबसं दाबलं.

त्यांच्याबरोबर दुधाच्या टेंपोतून गेले. डेअरी म्हणजे सेक्रेटरींच्या घराला लागून असलेली पत्र्याची खोली. आत दूध मोजायचा काटा, फॅट तपासायचं यंत्र, भिंतीला उभे केलेले कॅन आणि कोपऱ्यात लाकडी टेबलावर कॉम्प्युटर. डब्याला कुंकवाचं बोट लावलेलं होतं आणि मॉनिटरवर वाळलेला हार होता. संस्थेनं तो घेतला तेव्हा नारळ फोडला होता म्हणे. ज्याचं जेवढं दूध त्याची तशी छापील पावती निघायची, आणि वरच्या दूध संघानं सांगून ठेवलं होतं की आता हाताच्या पावत्या चालणार नाहीत. त्यामुळं हा डबा बंद म्हणजे संकलन बंद. आणि संकलन बंद पडलं तर टेंपो यायचा थांबणार. आधीच टेंपोवाला कुरकुरत होता, की दोन कॅनसाठी एवढ्या आत गाडी घालायला परवडत नाही. शेजारच्या गावातली संस्था तशीच मिटली होती. एकदा बंद पडलेली संस्था परत उभी राहत नाही, हे तिथं सगळ्यांना माहीत होतं. म्हणून बाया घरच्या चहाचं दूध कमी करून तांब्याभर का होईना, डेअरीला आणत होत्या. कॅनचा तळ झाकला गेला पाहिजे, एवढंच.

मी डबा उघडला. सेक्रेटरी खांद्यामागं आले. "काल तर चांगला चालू व्हता."

मेमरीची पट्टी काढली, तिच्या पितळी दातांवर खोडरबर घासलं, पंपानं धूळ उडवली, पट्टी परत बसवली. मशीन सुरू झालं. पावती खरखरत बाहेर आली तेव्हा दारात उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्या माणसानं पागोट्याला हात लावला. सेक्रेटरींच्या बायकोनं, तिला सगळे काकूच म्हणायचे, मला भाकरी आणि लसणाची चटणी खाऊ घातली. मला वाटलं, झालं काम.

आठवडा गेला नसेल, ते परत दारात. या वेळी टूं-टूं नव्हतं. काहीच नव्हतं. "मेल्यागत पडलाय," ते म्हणाले.

वीज देणारा भाग जळाला होता. मी चाचांच्या भंगारातल्या एका जुन्या मशीनचा तसा भाग काढून नेला आणि बसवला. विजेचा दाब वरखाली झाला असेल म्हणून स्टॅबिलायझर तपासला. तो ठीक होता. मला ते खटकलं, पण त्या वर्षी लाईटचा काही भरवसाच नव्हता. यायची तेव्हा उसळून यायची, जायची तेव्हा दिवसभर जायची. मी त्यावरच खापर फोडलं.

तिसऱ्या वेळी मात्र मी चक्रावले. झाकणाचे स्क्रू फिरेनात. जोर लावून काढले तर त्यांवर गंज. आत मदरबोर्डवर एका बाजूला हिरवट-पांढरी बुरशीसारखी खपली. असं मी फक्त एकदा पाहिलं होतं, नगरला वर्गात असताना, पावसात भिजलेल्या एका मशीनमध्ये. इथं पावसाचा पत्ता नाही. विहिरीत डोकावलं तर दगड दिसत होते. माणसं घागरभर पाण्यासाठी टँकरच्या नळीला लोंबकळत होती. आणि माझ्या हातात गंजलेला स्क्रू!

मी विचारलं, "काका, यावर पाणी सांडलं होतं का?"

सेक्रेटरी माझ्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "पाणी? प्यायला न्हाई बाई हितं, सांडायला कुठून आणू?"

खोलीतली माणसं हसली. मीही ओशाळून हसले. बोर्ड साफ केला, वाळवला, पुन्हा जोडला. चालला. पण त्या दिवशी परतताना टेंपोत मी स्वतःवरच चिडले होते. चार पैसे सुटत होते, तेही नीट मागवत नव्हते, कारण दुरुस्ती टिकतच नव्हती. दुसऱ्याच्या वस्तूचं दुखणं कळावं म्हणून आपण सगळं विचारायचं, आणि त्यानं एक गोष्ट मात्र सांगायची नाही, याचा मला आतून राग यायचा. मला खात्री होती की काहीतरी होतंय. काय, ते कळत नव्हतं.

दुकानात येऊन मी पिशवी आपटली. "सगळे खोटं बोलतात चाचा."

चाचा एका टीव्हीच्या पोटात डोकं घालून बसले होते. आतूनच म्हणाले, "खोटं न्हाई बेटा, घाबरतेत. एवढी महाग चीज आपल्या हातून बिघडली असं कोण म्हणल? मी बी म्हणलो नसतो."

पुढच्या वेळी मशीन बंद पडलं तेव्हा डेअरीत चेअरमन हजर होते. गावातले मोठे बागायतदार, त्या वर्षी बाग वाळलेली, पण कपडे तसेच पांढरेशुभ्र. आठ-दहा माणसं भिंतीला टेकून बसलेली. मी डबा उघडत होते आणि चेअरमन सेक्रेटरींना म्हणाले, मला ऐकू जाईल अशा बेतानं, "नगरहून माणूस आणा. हे पोरीबाळीचं काम न्हाई. चार येळा झालं आता. पाचव्या येळी टेंपोच येणार न्हाई, मग काय करता?"

माझे कान तापले. हातातला स्क्रू खाली पडला आणि टेबलाखाली गेला. मी गुडघ्यावर बसून तो शोधत होते. तेवढ्यात सेक्रेटरी म्हणाले, "न्हाई मालक. बाई चांगलं करती. मशीनच नाजूक हाय." मला त्यांच्या आवाजात काहीतरी अडल्यासारखं वाटलं, पण तेव्हा मी टेबलाखालून उठण्याच्या गडबडीत होते.

"एकदा बघू द्या मला," मी चेअरमनना म्हणाले. "या वेळी टिकलं नाही तर मीच नगरचा माणूस आणून देते."

त्या दिवशी मशीन चालू करून दिलं. त्यानंतर थोड्या दिवसांनी कड्याला एका दुकानात काम होतं. ते लवकर उरकलं. ऊन टळटळीत, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. मनात आलं, डेअरीवर एक चक्कर टाकावी, बिघडायच्या आधीच मशीन कसं आहे ते बघावं. एका जीपला हात केला आणि गावात उतरले. मला त्या वेळी तिथं कुणी बोलावलेलं नव्हतं.

डेअरीचं दार उघडंच होतं. आत गेले तर तव्यावर गेल्यासारखं झालं. वर पत्रा तडतडत होता. सेक्रेटरींची माझ्याकडं पाठ होती. अंगात नुसती बंडी, घामानं भिजलेली. त्यांच्या पायाशी बादली होती. बादलीत त्यांनी गोणपाट बुडवलं, दोन्ही हातांनी पिळलं, झटकलं आणि अगदी हलक्या हातानं कॉम्प्युटरच्या डब्यावर पांघरलं. चारी बाजूंनी नीट खाली ओढलं. मग वरून दोनदा थोपटलं. तोंडानं काहीतरी पुटपुटत होते.

"काका!"

ते दचकले. गोणपाटाचं टोक हातात तसंच राहिलं. त्यातून पाण्याचा एक थेंब डब्याच्या फटीत गेला. मी तो जाताना पाहिला.

मी पुढं होऊन गोणपाट ओढून काढलं. "काय करताय हे? अहो, यानंच तर जळतंय ते! किती वेळा विचारलं मी तुम्हाला, पाणी सांडलं का, पाणी सांडलं का!"

"सांडलं कुठं?" ते खरंच गोंधळले होते. "पिळूनच टाकतो की. आंग बघा की किती तापतंय त्येचं. हात ठेववत न्हाई. लाईट यायच्या आदी जरा गार करतो, मंग चालू करतो. जनावर तापलं तर आपुन पाणी न्हाई का मारत?"

मला राग आवरेना. चार महिने मी हेलपाटे मारत होते. चारचौघांत चेअरमनचं बोलणं ऐकलं होतं. चाचांच्या भंगारातले सुटे भाग संपत आले होते. मी म्हणाले, "आणि हे पाणी? प्यायला पाणी नाही म्हणालात ना मला?"

ते बादलीकडं बघत राहिले. दारात काकू येऊन उभी होती, आमचा आवाज ऐकून आलेली. तीच म्हणाली, "त्येंच्या आंगुळीचं हाय त्ये. आंगुळ करीत न्हाईत. मी म्हणायची, कावून करीत न्हाई, तर म्हणायचे नगं वाटतंय."

"दुधाच्या भांड्यांचं न्हाई घेतलं," सेक्रेटरी घाईघाईनं म्हणाले. "पिण्याचं बी न्हाई. माझ्या वाट्याचंच."

मी उपड्या कॅनवर बसले. एवढे दिवस साचलेलं सगळं बोलून टाकायचं होतं. पण समोर तो माणूस, अंगावर मिठाचे डाग पडलेली बंडी, हातात ते गोणपाट. त्यानं खरंच काही लपवलं नव्हतं. मी 'सांडलं का' विचारलं होतं आणि त्याच्या हिशेबी ते सांडलेलं नव्हतंच. ते पाजलेलं होतं म्हणा.

मी त्यांना टेबलाजवळ बोलावलं. झाकण काढलं आणि आतली हिरवट खपली दाखवली. पाणी आत कुठून जातं, वीज आणि पाणी भेटले की काय होतं, ते सांगितलं. ते वाकून बघत होते. खांद्यामागं उभं राहून नव्हे, या वेळी बरोबरीनं. त्यांनी खपलीवरून हलकेच बोट फिरवलं. मग म्हणाले, "म्हंजी मीच मारीत व्हतो त्येला."

"तसं नाही काका."

"तसंच की."

मशीन मी त्या दिवशी सोबत दुकानात नेलं. चाचांनी आणि मी मिळून बोर्ड स्पिरिटनं धुतला, दात घासायच्या ब्रशनं खपली काढली, बल्बच्या उबेला वाळवला. चाचांनी गळून पडलेले दोन टाके परत मारले. मी त्यांना गोणपाटाची गोष्ट सांगितली. ते हसतील असं वाटलं होतं. ते हसले नाहीत. "माझा बाप," ते म्हणाले, "उन्हाळ्यात टांग्याच्या घोड्याला असंच करायचा," आणि परत वाकून टाके मारायला लागले.

मशीन घेऊन गेले त्या दिवशी चेअरमन परत आलेले. "काय निघालं मग शेवटी?" त्यांनी विचारलं. सगळी माणसं माझ्याकडं बघत होती. सेक्रेटरी काट्याजवळ उभे होते. त्यांनी मान खाली घातली.

"ऊन," मी म्हणाले. "पत्र्याखाली मशीन राहत नाही. भट्टी झालीय इथं. जागा बदलायला पाहिजे."

आणि ते खोटंही नव्हतं. पत्रा तापला नसता तर गोणपाट आलं नसतं. सेक्रेटरींनी मान वर केली, माझ्याकडं पाहिलं आणि टोपी काढून परत घातली.

"जागा कुठली आणायची?" चेअरमन म्हणाले. "शाळेचा बी पत्राच हाय. गावात माळवद राहिलंय कुणाचं?"

माळवद म्हणजे लाकडावर माती टाकून केलेलं छत. आमच्याकडची जुनी घरं तशीच असायची, उन्हाळ्यात आत गार वाटायचं. पण बऱ्याच जणांनी ती पाडून पत्रे टाकले होते.

काकू दारातून म्हणाली, "आपला गोठा हाय की. रिकामाच हाय."

सेक्रेटरी तडक बाहेर निघून गेले. मला वाटलं, त्यांना कमीपणा वाटला, कॉम्प्युटर गोठ्यात ठेवायचा म्हणून. काकूनं मग मला हळूच सांगितलं. त्यांची एकच म्हैस होती. वैरण संपली तेव्हा ती कड्याजवळच्या चारा छावणीत नेऊन बांधली होती. मुलगा तिच्याजवळ राहत होता. ती गेल्यापासून सेक्रेटरी गोठ्यात गेले नव्हते. दावं तसंच खुंट्याला होतं, वाळलेलं शेणसुद्धा काढू देत नव्हते. दर बाजारच्या दिवशी सायकलवर छावणीत जायचे, म्हशीच्या अंगावरून हात फिरवून परत यायचे.

"आन हितं आले की त्या डब्याला गोंजारायचे," काकू म्हणाली. हे सांगताना ती थोडी हसली.

दुसऱ्या दिवशी मी परत गेले तर गोठा झाडलेला होता. सेक्रेटरींनी स्वतःच झाडला होता. गव्हाणीवर दोन फळ्या टाकून टेबल केलं होतं. वर माळवद, भिंती हातभर जाडीच्या. आत पाऊल टाकताच अंग निवलं. चाचा त्या दिवशी माझ्याबरोबर आले होते. त्यांनी डेअरीतून गोठ्यात वायर ओढली, आणि ती ओढताना शिडीवरून खालच्या सगळ्यांना इतक्या सूचना दिल्या की सेक्रेटरी म्हणाले, "मिस्त्री, तुमी चेअरमन व्हा."

त्या उन्हाळ्यात ते मशीन पुन्हा बंद पडलं नाही. मी मात्र जात राहिले, कधी शाई बदलायला, कधी नुसतीच. दूध डेअरीत मोजायचं, आकडे चिठ्ठीवर घेऊन गोठ्यात यायचं, पावती घ्यायची. पण पावती घेतली तरी माणसं उठायची नाहीत. गावात तेवढी एकच जागा गार होती. म्हातारे भिंतीला पाठ लावून बसायचे. बाया तांब्या पालथा घालून गप्पा मारायच्या. ऊसतोडीला गेलेल्यांचे निरोप तिथंच कळायचे, कुठल्या मुकादमाची टोळी कुठं आहे, कुणाला ताप आला, कुणाला मूल झालं. प्रिंटर खरखरला की बोलणं क्षणभर थांबायचं आणि परत सुरू व्हायचं. सेक्रेटरी दोन बोटांनी टायपिंग करत. प्रत्येक नाव टाइप करताना मोठ्यानं उच्चारत. ज्याचं नाव असेल तो "हां" म्हणे.

टेंपो येत राहिला. कधी कधी एकाच कॅनसाठी आला. पण आला.

पावसाळा लागला. छावणी उठली. तो दिवस मी मुद्दाम गाठला होता, कारण सेक्रेटरींनी टेंपोवाल्याबरोबर सांगावा धाडला होता, "म्हैस येनार हाय, कॉम्प्युटर हलवायचाय, बाईला म्हणावं ये." मी पोचायच्या आधीच म्हैस पोचली होती. ती गोठ्याच्या दारात उभी होती आणि आत जायला तयार नव्हती. तिच्या जागी उजेड होता, गुणगुण होती, माणसं होती. ती फुरफुरत मागं सरत होती. मुलगा दावं ओढत होता. सेक्रेटरी म्हणत होते, "ओढू नको, ओढू नको, तिला बघू दी."

कुणीतरी म्हणालं, "पावती दिल्याबिगर जायची न्हाई ती," आणि सगळा गोठा हसला.

मी घाईनं वायरी सोडवल्या. मॉनिटर मी उचलला, डबा सेक्रेटरींनी उचलला, छातीशी धरून. म्हशीच्या बाजूनं जाताना ते थांबले. एका हातानं डबा सावरून दुसरा हात त्यांनी तिच्या कपाळावर ठेवला. हाडं वर आली होती तिची. त्यांचा चेहरा मी बघितला नाही, मुद्दामच. मॉनिटर जड होता, मी पुढं गेले.

डेअरीच्या पत्र्याखाली चेअरमननी त्या वर्षी सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांचं आतून छत करून घेतलं. पुढं संस्थेनं पक्की खोली बांधली. जुना डबा गेला, नवा आला. तो बिघडला की कंपनीचा मोटरसायकलवाला यायचा. माझं लग्न ठरलं आणि मी आष्टी सोडली. फळी काढून चाचांनी दुकान परत एक केलं. नंतर त्यांच्या मुलानं तिथं मोबाईलचं दुकान टाकलं. अजून गेले की तो मला "दीदी, आपली बाजू" म्हणून एक स्टूल सरकवतो. तिथं बसलं की कथलाचा वास येतो असं मला वाटतं. त्याला येत नाही म्हणतो.

लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी आले होते, तेव्हा कड्याच्या बाजारात सेक्रेटरी भेटले. सीताफळांचे दिवस होते. त्यांनी मला ओळखलं, मी त्यांना हाक मारायच्या आधी. एका बाईच्या पाटीतली सीताफळं त्यांनी एकेक दाबून निवडली आणि माझ्या पिशवीत घातली. नको म्हटलं तरी ऐकेनात. सूनबाई आता डेअरीचं बघते म्हणाले. मग माझ्याकडं जरा वेळ बघून त्यांनी विचारलं, "सासर कुठं म्हणलीस, पोरी?"

मी गावाचं नाव सांगितलं.

"पाणी हाय का तिथं?"

"हाय काका. घरात नळ हाय."

"मंग बरं झालं," ते म्हणाले, आणि आणखी एक सीताफळ उचलून त्यांनी पिशवीत टाकलं.